मिरी, सोनं आणि धाकटे मुलगे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. स्पर्धा परीक्षेच्या सगळ्या नोट्समध्ये एक ओळ ठरलेली आहे: १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, मसाल्याचे खुष्कीचे मार्ग बंद झाले, म्हणून युरोपीयांनी हिंदुस्थानचा समुद्रमार्ग शोधला. तुम्ही विचारताय की एवढ्या एका कारणासाठी लोक इतका पैसा आणि इतके जीव घालवतील का? आणि खाली पुरवणी जोडलीय: आपले व्यापारी उलट दिशेने युरोपात का गेले नाहीत, समुद्रबंदीमुळे का?

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. ३१ वर्षं मसाल्याच्या निर्यातीत काढली, त्यातली बहुतेक मिरीत. सुरुवात मशीद बंदरला, मग बाजार वाशीला हलला तेव्हा तिकडे, आणि हंगामात कोचीला मट्टांचेरीत मुक्काम. राहतो वसईत, त्यामुळे पोर्तुगिजांचा किल्ला रोजच्या फिरण्याच्या वाटेवर आहे. धंद्याच्या निमित्ताने वाचत गेलो आणि वाचनाचं व्यसन लागलं. तेव्हा हे उत्तर गाळ्यावर बसणाऱ्या माणसाचं आहे, त्या बेताने घ्या.

आधी त्या ओळीचं बघू. गाळ्यावर कोणी बिल घेऊन आला की मी पहिल्यांदा तारखा बघतो, इथेही तेच करा. पोर्तुगिजांनी मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं सेउता घेतलं १४१५ मध्ये. आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली जाताना सगळे घाबरायचे ते बोजादोर भूशिर झील इआनेशने ओलांडलं १४३४ मध्ये. म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडलं तेव्हा ही माणसं अडतीस वर्षं समुद्रावर होती. मागून घडलेली गोष्ट आधीच्या गोष्टीचं कारण कशी होईल?

दुसरं, मार्ग बंद झाला म्हणजे नेमकं काय झालं? मिरी मलबारहून तांबड्या समुद्राने इजिप्तमध्ये जायची आणि अलेक्झांड्रियाला व्हेनिसचे व्यापारी ती उचलायचे. ते बंदर मामलूक सुलतानांच्या ताब्यात होतं, कॉन्स्टँटिनोपलशी त्याचा संबंध नाही. तुर्कांनी इजिप्त घेतला १५१७ मध्ये, वास्को द गामा कालिकतला येऊन गेल्यावर एकोणीस वर्षांनी. आणि तुर्कांनी तरी वाट का बुजवावी? जकात देणारं गिऱ्हाईक कोणी हाकलत नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर त्याच तांबड्या समुद्राच्या वाटेने व्हेनिसला पुन्हा भरपूर मिरी पोचत होती. बंद दुकानात एवढा माल येत नसतो.

जाता जाता आणखी एक. सडलेल्या मांसाची चव लपवायला युरोपीयांना मसाले लागत, हेही नोट्समध्ये असतं. मिरी परवडणाऱ्या माणसाला ताजं मांस सहज परवडत होतं. मांस टिकवायचं ते मिठाने. मिरी होती ती चवीसाठी, औषधासाठी आणि पाहुण्यांसमोर मान वाढवण्यासाठी. आपल्याकडे लग्नात केशर कशाला घालतात, तसंच.

आता खऱ्या प्रश्नाकडे. ‘युरोप का निघाला’ असं विचारलं की उत्तर चुकणारच, कारण युरोप नावाचा कोणी माणूस जहाजात बसला नव्हता. जहाज निघतं तेव्हा त्यात पैसा लावणारा एक असतो, जीव पणाला लावणारे दुसरे असतात आणि ज्याच्या नावाचं निशाण फडकतं तो तिसराच. प्रत्येकाला वेगळं काहीतरी हवं असतं. शिवाय हे देशागणिक बदलतं. कॅस्टिलचं, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या राज्याचं, गणित वेगळं, डचांचं फार वेगळं, त्यांच्याकडे भागभांडवलाची कंपनी होती. मी पोर्तुगालपुरतं बोलतो, कारण आपल्या किनाऱ्यावर पहिले तेच आले आणि मला तेच बरे माहीत आहेत.

पोर्तुगाल म्हणजे तेव्हा जेमतेम दहा लाख वस्तीचा देश. गहू पुरत नव्हता, सोनं नव्हतं. सोनं सहारा वाळवंटापलीकडून, उंटांच्या तांड्यांनी उत्तर आफ्रिकेच्या बंदरांत यायचं. सेउता हे अशाच वाटेच्या टोकावरचं श्रीमंत शहर. ते जिंकलं आणि झालं काय, तांड्यांनी वाट बदलली. हातात राहिला एक किल्ला, त्यातली शिबंदी आणि तिचा खर्च. माझ्या मते सगळ्या गोष्टीची खरी सुरुवात या फसलेल्या सौद्यात आहे. सोनं आपल्या दारी येत नाही म्हटल्यावर ते जिथून निघतं तिथेच समुद्राने जायचं, हा विचार त्यातून पुढे आला. हिंदुस्थान तेव्हा कोणाच्या हिशेबात नव्हता.

आणि पुढची ऐंशी वर्षं हा धंदा आपलाच खर्च आपण काढत वाढला, हे लक्षात घ्या. कोणी एका राजाने एकदम तिजोरी उघडली नाही. बोजादोरच्या खाली गेल्यावर सोन्याआधी माणसं हाती लागली. ८ ऑगस्ट १४४४ ला लागोस बंदरात २३५ गुलाम उतरवले गेले. या मोहिमा काढणारा पोर्तुगालचा राजपुत्र हेन्री घोड्यावर बसून वाटणी बघत होता, त्याच्या पाचव्या हिश्श्याचे ४६ त्याला मिळाले. त्याच्याच पदरच्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय की वाटण्या करताना आया मुलांना घट्ट धरून जमिनीवर पडत होत्या. अटलांटिकमधल्या माडेरा बेटावर आधी गहू, मग ऊस लागला. उसाला मजूर लागले, मजुरांसाठी आणखी गुलाम. एका मालाने दुसऱ्या मालाची गरज तयार केली. शोधमोहीम हा शब्द फार सोवळा आहे. रोजच्या भाषेत ही फिरती होती, आणि प्रत्येक फिरतीत थोडं पुढे जायचं, एवढंच.

यातला मला सर्वांत आवडणारा कागद १४६९ चा आहे. राजा पाचव्या आफोन्सूने गिनीच्या, म्हणजे पश्चिम आफ्रिकेच्या, किनाऱ्याचा व्यापार लिस्बनच्या फेर्नांव गोमिश नावाच्या व्यापाऱ्याला पाच वर्षांच्या मक्त्याने दिला. वर्षाला दोन लाख रेइश (पोर्तुगीज नाणं) भरायचे आणि शिवाय दर वर्षी शंभर लीग नवा किनारा शोधायचा. बघा, भूगोलाचा शोध मक्त्याच्या अटीत घातला! राजाला फुकटात नकाशा मिळत गेला आणि गोमिशच्या माणसांना १४७१ मध्ये सोन्याचा किनारा सापडला. पुढे १४८२ मध्ये तिथे मीनाचा किल्ला उभा राहिला, त्यासाठी दगडसुद्धा घडवून पोर्तुगालहून जहाजातून नेले होते. पण गोमिशला शेवटी काय मिळालं ते जास्त बोलकं आहे. त्याला सरदारकी मिळाली, तीन हबशी मस्तकांचं कुलचिन्ह मिळालं आणि ‘द मीना’ हे आडनाव. पैसा त्याच्याकडे होताच, त्याला हवी होती ती पायरी.

इथून सामाजिक कारणांकडे वळतो, कारण नोट्समध्ये हीच बाजू कोरी असते.

पोर्तुगीज सरदाराला म्हणत ‘फिदाल्गू’. त्याची फोड होते ‘कोणातरीचा मुलगा’. म्हणजे नावाला वजन, खिशाला असेलच असं नाही. १४३४ मध्ये राजा दुआर्तने एक कायदा केला: राजाने दिलेली जमीन वाटून घ्यायची नाही, विकायची नाही, ती फक्त थोरल्या औरस मुलाकडे जाईल, आणि मुलगा नसेल तर राजाकडे परत. आता विचार करा, घरात चार मुलगे आहेत. थोरल्याला वाडा. बाकीच्यांनी काय करायचं? नांगर धरला किंवा दुकान टाकलं तर नाक कापलं जाणार. उरतं ते चर्च किंवा तलवार. आणि तलवार चालवायला देशात शत्रू उरला नव्हता. मुसलमान राजवट पोर्तुगालमधून तेराव्या शतकातच संपली होती. मग ही तरणी पोरं मोरोक्कोत, गिनीत आणि शेवटी हिंदुस्थानात जाणं अगदी साहजिक. शौर्याची नोंद राजाकडे व्हायची आणि परत आल्यावर त्या नोंदीच्या बळावर बक्षीस मागायचं: पेन्शन, किल्लेदारी, जकातनाक्यावरची जागा. आपल्याकडे धाकट्या भावाला मुंबईला पाठवायचे, गिरणीत लागला तर लागला, तशातला प्रकार, फक्त हाताशी तोफा होत्या.

स्वतः वास्को द गामा घ्या. सिनिश नावाच्या लहानशा बंदरगावात वाढलेला, मधल्या फळीतला माणूस. हिंदुस्थानचा मार्ग काढून आल्यावर त्याने काय मागितलं? पैसा मिळालाच, नावाआधी ‘दों’ हा किताब मिळाला, माल स्वतःच्या खात्यावर आणण्याची सवलतही मिळाली. पण त्याचा जीव अडकला होता सिनिशच्या जहागिरीत. राजाने ती कबूल केली, मात्र गाव सांतियागो या लढाऊ धर्मपंथाच्या मालकीचं होतं आणि पंथ सोडेना. गामा हट्टाने तिथेच वाडा बांधायला लागला, तेव्हा १५०७ मध्ये राजानेच त्याला कुटुंबासह गाव सोडायला सांगितलं. पुढे १५१९ मध्ये तो विदिगेइराचा काउंट झाला, म्हणजे पायरी चढलाच, पण दुसऱ्याच गावची. अर्धं जग ओलांडून आलेल्या माणसाला हवं काय होतं, तर आपल्या गावच्या लोकांनी आपल्याला मुजरा करावा. हे मला मिरीच्या भावाइतकंच महत्त्वाचं कारण वाटतं.

खालच्या माणसांचं काय? खलाशाचा पगार बेताचाच होता. आमिष होतं ते मालाच्या जागेचं. परतीच्या जहाजात खलाशापासून कप्तानापर्यंत प्रत्येकाला हुद्द्याप्रमाणे ठरावीक वजनाचा मसाला किंवा ठरावीक मापाची पेटी स्वतःसाठी आणता यायची. एक पेटी लिस्बनला सुखरूप उतरली तर घरी कित्येक वर्षांची बेगमी. म्हणून परतताना डेकवर पेट्यांचे ढीग लागत, इतके की जहाज चालवायला अडचण व्हावी. माणसंही मिळेल ती घ्यावी लागत. १५०५ च्या आरमाराची एक गोष्ट बखरकाराने नोंदवलीय: खेड्यातून आलेल्या खलाशांना डावी-उजवी बाजू कळेना, तेव्हा जुआंव ओमें नावाच्या कप्तानाने एका बाजूला कांद्यांची आणि दुसऱ्या बाजूला लसणांची माळ बांधली आणि सुकाणू कांद्याकडे, सुकाणू लसणाकडे असे हुकूम दिले. शिवाय काही कैदी नेत. अनोळखी किनाऱ्यावर आधी त्यांना उतरवायचं, परत आला तर माफी. कालिकतच्या किनाऱ्यावर पाय ठेवणारा पहिला पोर्तुगीज असाच एक शिक्षा झालेला माणूस होता. त्याला तिथे भेटले ट्युनिसचे दोन मुसलमान व्यापारी, आणि तेही कॅस्टिलची भाषा बोलणारे! इकडे कशाला कडमडलात, असं त्यांनी विचारल्यावर त्याने सांगितलं, ख्रिस्ती माणसं आणि मसाले शोधायला.

त्या उत्तरातल्या ‘ख्रिस्ती माणसं’ या भागाकडे बरेच जण दुर्लक्ष करतात किंवा त्यालाच सगळं मानतात. दोन्ही मला पटत नाही. पूर्वेकडे प्रेस्टर जॉन नावाचा ख्रिस्ती राजा आहे, त्याला गाठून मुसलमानांना मागून घेरायचं, यावर त्यांचा खराखुरा विश्वास होता. १४८७ मध्ये पेरू द कोव्हिल्यांवला अरब व्यापाऱ्याच्या वेशात पाठवलं ते याच दोन कामांसाठी. तो कन्नूर, कालिकत, गोवा बघून गेला आणि शेवटी इथिओपियात अडकला. पण धर्माला व्यवहाराची बाजूही होती. पोपच्या १४५५ च्या फर्मानाने आफ्रिकेच्या किनाऱ्याचा व्यापार एकट्या पोर्तुगालला दिला आणि गुलाम करण्यालाही मान्यता दिली. आमच्या भाषेत हा मक्तेदारीचा परवाना. परवाना देवाच्या नावाचा, म्हणून कॅस्टिलवाल्याला आडवा दाखवता येतो. श्रद्धा खोटी नव्हती आणि परवानाही खोटा नव्हता.

इथवरचं थोडक्यात: पहिली ओढ सोन्याची, मधल्या काळात गुलाम आणि साखरेने खर्च काढला, धाकट्या मुलांनी आणि गरिबांनी माणसं पुरवली, पोपने परवाना दिला. मिरी आली ती सगळ्यात शेवटी.

पण आली ती अशी आली की बाकीचं सगळं मागे पडलं. याचं कारण मालातच आहे. मिरी मूठभर घेऊन पाण्यात टाका, पोकळ दाणे वर तरंगतात, भरीव खाली बसतात. आम्ही लिटरच्या मापात मिरी भरून वरून पट्टीने सपाट करतो आणि वजन करतो; ५५० ग्रॅम भरली तर माल चांगला, ५०० ला भाव उतरतो. चांगली वाळलेली मिरी वर्षानुवर्षं टिकते. फुटत नाही, गळत नाही, थोड्या जागेत पुष्कळ किंमत बसते आणि लिस्बनपासून लाहोरपर्यंत कुठेही विकते. वर्षभराच्या प्रवासाचा खर्च आणि बुडालेल्या जहाजांचा तोटा सोसून नफा देईल असा माल त्या काळी फारच थोडा होता. गहू किंवा लाकूड घेऊन कोणी आफ्रिकेला वळसा घातला नसता.

आणि खर्च केवढा, ते पहिल्याच सफरीत दिसलं. ८ जुलै १४९७ ला निघाले, २० मे १४९८ ला कालिकतपुढे नांगर टाकला. पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीहून वाटाड्या मिळाला म्हणून तिथून अरबी समुद्र तेवीस दिवसांत ओलांडला. परतताना मोसमी वाऱ्यांची वाट न बघता निघाले, त्याच समुद्राला तीन महिने लागले. हिरड्या सुजून, दात हलून माणसं मरत होती. शेवटी जहाज चालवायला माणसं उरली नाहीत म्हणून ‘सांव राफाएल’ त्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वतःच जाळलं. निघालेल्यांपैकी निम्मेही घरी पोचले नाहीत. वास्कोचा सख्खा भाऊ पावलू वाटेत गेला.

कालिकतचा तो नजराणा तुम्हाला ठाऊक असेल, पण माझ्या धंद्यातल्या माणसाला तो वेगळा दिसतो. झामोरीनला, म्हणजे कालिकतच्या राजाला, द्यायला गामाने काढलं ते असं: पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे बारा तुकडे, चार लाल टोपडी, सहा टोप्या, पोवळ्याच्या चार माळा, हात धुवायची सहा भांडी, एक पेटी साखर, दोन पिंप तेल आणि दोन पिंप मध. झामोरीनचे अधिकारी हसले. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याहून जास्त देतो, म्हणाले, सोनं आणा. आपण याला पोर्तुगिजांचं दारिद्र्य म्हणतो. मला यात चुकीची नमुनापेटी दिसते. रंगीत कापड, टोप्या, पोवळं, भांडी हा सगळा गिनीच्या किनाऱ्यावर खपणारा माल! ऐंशी वर्षांत जो बाजार त्यांना कळला होता, त्याच बाजाराचे नमुने घेऊन ते जगातल्या सर्वांत मुरलेल्या बंदरात आले. मी स्वतः पहिल्यांदा आखाती गिऱ्हाइकाला युरोपच्या पसंतीचे नमुने पाठवून असाच तोंडघशी पडलोय.

तरी राजाने लगेच पुढचं आरमार काढलं, काब्रालच्या हाताखाली, तेरा जहाजांचं. १५०१ पासून पोर्तुगीज मिरी अँटवर्पला दिसू लागली आणि त्याच वर्षी व्हेनिसमध्ये प्रिउली नावाचा व्यापारी रोजनिशीत हाय खाऊन लिहीत होता. इथे पैशाचा चेहराही बदलला. काब्रालच्या आरमारात फ्लॉरेन्सच्या मार्किओनी सावकाराचा पैसा होता. १५०५ च्या आरमारातल्या तीन जहाजांत जर्मन आणि इटालियन सावकारांनी भांडवल घातलं, त्यात आउग्सबुर्गचे वेल्झर आणि फुगर होते. फुगरांकडे तांब्याच्या खाणी होत्या आणि मलबारमध्ये तांब्याला मागणी होती, म्हणजे जाताना भरायला मालही मिळाला. पोर्तुगालच्या राजाला फ्रान्सचा राजा ‘मसाल्याचा दुकानदार’ म्हणून हिणवायचा, असं सांगतात. हिणवणं असेल, पण खोटं काय आहे त्यात?

आता दुकानदाराची एक चूक सांगतो, कारण ती मी स्वतः केलीय. १५०३ च्या सुमारास कोचीत मिरीचा भाव बांधून घेतला आणि जवळजवळ शतकभर तो तसाच दाबून धरला. बाजार वर गेला तरी पोर्तुगिजांचा भाव तोच. काय होणार? चांगली मिरी बैलांच्या पाठीवरून घाट चढून पूर्वेला जायची, नाहीतर चोरून तांबड्या समुद्राकडे, आणि पोर्तुगिजांच्या वखारीत येणारी ओली, कच्ची. ती लिस्बनपर्यंत वाळून वजनात घटायची. धंद्याच्या तिसऱ्या वर्षी मीही एका पुरवठादाराशी हंगामाआधीच भाव बांधला होता. भाव चढले, त्याने शब्द मोडला नाही, पण माल पाठवला तो हात घातला की गार लागावा इतका ओला. मी घाईत जहाजावर चढवला. पलीकडे कंटेनर उघडला तेव्हा गोण्यांवर पांढरी बुरशी होती. त्या वर्षी बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. राजाकडे पाटल्या नव्हत्या, आरमार होतं. त्याने काय केलं?

त्याने समुद्रावर नाका बसवला. अरबी समुद्रात फिरणाऱ्या प्रत्येक जहाजाने पोर्तुगिजांचा परवाना, म्हणजे ‘कार्ताझ’, घ्यायचा, त्यांच्या बंदरात येऊन जकात भरायची, नाहीतर माल जप्त. व्यापारात जे कमावता येईना ते दंडुक्याने वसूल करायचं. गोवा १५१० मध्ये घेतलं त्यालाही मिरी कारण नव्हती. गोव्यात मिरी ती किती! गोव्याला होता घोड्यांचा व्यापार: अरबस्तान आणि इराणचे घोडे तिथे उतरत आणि विजयनगर व विजापूर दोघंही ते विकत घेत. घोड्यामागे जकात. म्हणजे सोनं शोधायला निघालेली माणसं शंभर वर्षांनी जकातनाका चालवत होती. हेतू बदलत जातो असं मी म्हणतो ते यामुळे.

आणि धाकट्या मुलांचं? ते आमच्या वसईत येऊन पोचले. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. मग गावंच्या गावं पट्ट्याने वाटली, बहुतेक तीन पिढ्यांच्या मुदतीने, काही ठिकाणी घोडा आणि हत्यार बाळगायच्या अटीवर. ज्याला पोर्तुगालमध्ये बिघाभर जमीन मिळाली नसती तो इथे गावाचा धनी झाला आणि भातशेतीचा सारा खाऊ लागला. किल्ल्यात पडक्या भिंतींवर दगडात कोरलेली कुलचिन्हं दिसतात, ती बघताना मला नेहमी फेर्नांव गोमिश आठवतो.

सगळेच काही मिळवायला आले नाहीत, काही जण सुटायला आले. १४९७ मध्ये पोर्तुगालच्या ज्यूंना जबरदस्तीने ख्रिस्ती केलं होतं. अशा एका घरातला वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला, त्याने इथल्या औषधींवर पुस्तक लिहिलं आणि मुंबईचं बेट पट्ट्याने घेतलं. दोन वर्षांत मायदेशात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, बसलं. तो वेळेत निघाला खरा, पण १५६० मध्ये ते गोव्यालाही आलं. त्याच्या बहिणीला जाळलं आणि तो मेल्यावर त्याची हाडं उकरून १५८० मध्ये तीही जाळली. आर्थिक आणि सामाजिक कारणं असे दोन रकाने पाडता तेव्हा याला कुठे बसवाल?

परीक्षेपुरतं सांगायचं तर दोन गुणांना विचारलं तर १४५३ लिहून मोकळे व्हा, तपासणारा तेच शोधतो. पण मोठं उत्तर असेल तर त्या ओळीनंतर सेउताचं १४१५ आणि इजिप्तचं १५१७ ही दोन साल टाका.

राहिली पुरवणी. समुद्रबंदी होती, पण ती प्रामुख्याने वरच्या जातींना आणि तीही कागदावर जास्त. गुजरातचे वाणी, बोहरी, कोरोमंडलचे चेट्टी, मलबारचे मापिळ्ळे समुद्रावरच होते. १५१० च्या दशकात मलाक्कात राहिलेला पोर्तुगीज तोमे पिरेस लिहितो की गुजरातची खंबायत दोन हात पसरून बसलीय, उजव्या हाताने एडन धरलंय, डाव्याने मलाक्का. तेव्हा प्रश्न जाता येत नव्हतं का, हा नाहीच. जायचं कशाला, हा आहे. माझ्या गाळ्यावर गिऱ्हाईक स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या जोखमीवर, हातात रोकड घेऊन येत असेल तर मी त्याच्या गावी कशाला जाऊ? त्याच्याकडे मला हवं असं असतं तर गेलो असतो.

गामा परत निघाला तेव्हा झामोरीनने पोर्तुगालच्या राजासाठी त्याच्या हाती एक पत्र दिलं, ताडपत्रावर लोखंडी लेखणीने लिहिलेलं. अगदी चार ओळींचं. तुमचा सरदार आला, आनंद वाटला. माझ्या देशात दालचिनी, लवंग, आलं, मिरी आणि रत्नं आहेत. त्या बदल्यात मला तुमच्याकडून सोनं, चांदी, पोवळं आणि लाल कापड हवं.